जिना तेवढा ठेवला

सुरुवातीलाच सांगून ठेवतो. या गोष्टीत जिथं जिथं आडनाव येईल तिथं ■■■ असा काळा ठोकळा दिसेल. छपाईची चूक समजू नये. आमच्या समितीनं (अध्यक्ष : दादाभाऊ ■■■, बिल्डर) सिनेमातली माणसांची अंगं कापली, मी गोष्टीतली आडनावं कापतो. ज्याला जे घाण वाटतं ते तो कापतो.

सिनेमाचं नावही सांगत नाही. जुना, परदेशी, गाजलेला आणि गांजलेला. काही देशांत त्याच्यावर बंदी आली होती. अभ्यासक त्याला अभिजात म्हणतात आणि बाकीचे दार लावून बघतात. गोष्ट एवढीच, की परक्या शहरात एक रिकामा फ्लॅट आहे. तो बघायला एक उतारवयाचा पुरुष येतो आणि त्याच वेळी एक तरुण बाईही येते. दोघं ठरवतात की इथं भेटायचं, पण एकमेकांना नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, घरचं काही सांगायचं नाही. पुढं बरंच काही होतं. शेवटी तो नाव सांगतो आणि सगळं मोडतं.

त्यातलं सगळ्यात अश्लील दृश्य मला कोणतं वाटलं? इमारतीखालचा रखवालदार त्या माणसाला किल्ली देतो ते. नुसती देतो. मूळचे कुठले, घरी कोण कोण, मंडळी काय करतात, काही विचारत नाही. मी ते दृश्य मागं नेऊन पुन्हा पाहिलं. एवढं उघडंनागडं मी पडद्यावर काही पाहिलेलं नव्हतं.

(कट.)

मला सगळे बीएस सर म्हणतात. नारायणगावात ज्युनिअर कॉलेजवर अर्थशास्त्र शिकवतो आणि आळेफाट्याला एका गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत राहतो. खाली जानकू मिस्त्री ट्रक दुरुस्त करतो आणि दुरुस्त झालेल्या ट्रकचा हॉर्न माझ्या उशीखाली वाजवून बघतो. 'बी' माझं, 'एस' वडिलांचं. तिसरं अक्षर मी वापरत नाही. लाज वाटते म्हणून नाही. वडिलांनी माझं नाव छाती फुगवून ठेवलं होतं. मला कंटाळा येतो. आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे गणित सुरू होतं, हातचा वगैरे धरून, ते संपेपर्यंत दारात उभं राहायचा कंटाळा.

कारण रत्ना आणि मी, म्हणजे माझी बायको आणि मी, नारायणगाव-वारूळवाडीत पुष्कळ दारांत उभे राहिलो आहोत. नाव सांगेपर्यंत फ्लॅट रिकामा असतो. सांगून झालं की तो पुण्याच्या भाच्यासाठी राखलेला निघतो. जुन्नर तालुक्याचे पुण्यात इतके भाचे आहेत की पुणं चालतं कसं कळत नाही. आणि राखलेल्या फ्लॅटात त्यातला एकही अजून राहायला आलेला नाही. शिवाय 'आत या' म्हणायच्या आधी आडनाव विचारायची आपल्याकडे पद्धत असल्यामुळं आम्ही फ्लॅट फारसे पाहिलेच नाहीत. जिने पाहिले. जिन्यांवर मी प्रबंध लिहू शकेन.

दादाभाऊंनी मात्र विचारलं नाही. वारूळवाडीत मीना नदीकडं तोंड करून त्यांची इमारत उभी राहत होती. 'आमचे बीएस सर, पगार बँकेत होतो,' एवढी ओळख प्राचार्यांनी करून दिली आणि दादाभाऊ आम्हाला थेट दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेले. दोन बाल्कन्या. रत्नानं पर्समधून टेप काढून ओट्याचं माप घेतलं. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मोजता येतं त्यावरच विश्वास ठेवते. मापं घेऊन झाल्यावर ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ आत आली नाही. एवढं एक दृश्य मी या गोष्टीतून कोणालाही कापू देणार नाही.

साठेखताच्या दिवशी आधार कार्ड द्यावं लागणार, त्यावर तिसरं अक्षर पूर्ण लांबीनं असणार, हे मला ठाऊक होतं. माझा हिशोब असा, की तोवर घसट एवढी वाढवायची की दादाभाऊंना गणित मांडायचं सुचूच नये. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात ते आठवत नाही. रत्ना याला मूर्खपणा म्हणते.

घसट वाढवायला माझ्याकडं एकच वस्तू होती. कॉलेजात आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा चांगला सिनेमा बघतो. दादाभाऊंना ते कळलं.

"आमालाबी दाखवा की सर येखादा. आता कोणता हाय?"

मी सांगितलं. वादग्रस्त आहे, हेही सांगितलं.

"कशावर हाय?"

"एका रिकाम्या फ्लॅटवर."

दादाभाऊंनी चहा खाली ठेवला. "फ्लॅटवर पिच्चर? आन तुमी आता सांगताय व्हय राव? आपल्या पार्किंगमधीच लावू. लोक पिच्चर बघत्याल, वर जाऊन सॅम्पल फ्लॅट बघत्याल."

"दादाभाऊ, त्या फ्लॅटमध्ये जरा…"

"वास्तुदोष हाय का?"

"नाही."

"मग झालं. झालं की मंगळवारी साठेखत."

अशा रीतीनं जगातली एक गाजलेली निनावी प्रेमकथा दोन बीएचकेच्या जाहिरातीला जुंपली गेली, आणि माझा ओटा तिच्या शेपटीला बांधला गेला.

(कट.)

लाउडस्पीकरच्या परवानगीला मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथले हवालदार भले गृहस्थ होते.

"विषय काय लिहू, सर?"

"अनोळखी स्त्री आणि पुरुष रिकाम्या घरात भेटतात."

त्यांनी पेन उचलून धरलं. "हे आमी तक्रारीत लिवतो. परवानगीत न्हाई."

"चित्रपटाची गोष्ट आहे."

"हिरोचं नाव?"

"सांगत नाही."

"हिरोईनचं?"

"तीही."

"बरं, मग शेवटी लगीन लागतं तवा पत्रिकेत छापत असत्याल की."

शेवटी त्यांनी 'कौटुंबिक' असं लिहिलं आणि माझ्याकडं काळजीनं बघत शिक्का मारला.

सल्ले येतच होते. जानकू मिस्त्री म्हणाला, "सर, तंबूत पिच्चर लागायचे तवा मधीच धा मिनटं देवीची आरती दाखवायचे. मग म्होरं कायपण दाखवा, खपतं." प्राचार्य म्हणाले, "सिनेमा दाखवा, पण त्यात सिनेमासारखं काही नको." रत्नानं विचारलं, "त्या सिनेमातल्या पोरीला नंतर लई त्रास झाला म्हणे? तिला आधी न सांगताच काय काय करून घेतलं?" झालं होतं तसं, त्या नटीनंच पुढं सांगितलेलं आहे. "मग अभिजात कोण? ती का ते करून घेणारे?" मी म्हणालो, प्रश्न गुंतागुंतीचा आहे. "गुंतागुंत कसली? आणि नाव नसण्याचं तुम्हाला एवढं अप्रूप. मला लग्नापासून सगळे 'सरांच्या मिसेस' म्हणतात. मी कुठं सिनेमा काढला?"

मग समिती बसली. दादाभाऊंच्या साइट ऑफिसात, शटर अर्धं ओढून, लॅपटॉपभोवती सात जण. काय कापायचं ते ठरवायला सिनेमा एकदा पाहिला. नीट ठरावं म्हणून पुन्हा पाहिला. काही जागांबद्दल मतभेद झाले, त्या पुन्हा पुन्हा पाहिल्या. एक सदस्य दुसऱ्या दिवशी आपल्या मेव्हण्याला घेऊन आले. मेव्हण्यांना यातलं कळतं म्हणे. इतका मन लावून सिनेमा बघणारा प्रेक्षक मला आमच्या कॉलेजातल्या सिनेमावाल्यांत कधी भेटला नव्हता. ज्या नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात, तिथलीच ही माणसं. पण इथं बाईला मराठी येत नव्हतं, म्हणून संस्कृतीचा प्रश्न आला.

कात्री माझ्याच हातात दिली. मी कापत गेलो. फ्लॅटमधलं सगळंच गेलं. उरलं ते असं : पुरुष जिना चढतो. बाई जिना चढते. पुरुष जिना उतरतो. मधे एकदा ते म्हणतात की नाव नको.

"जिना तेवढा ठेवा," दादाभाऊ म्हणाले. "मस्त दिसतो. आपलाबी तसाच हाय."

(मध्यंतर. शेंगदाणे घ्या.)

शुक्रवारी फ्लेक्स लागला. एसटी स्टँडसमोर, दोन खांबांना बांधून. 'रिकामा फ्लॅट! दोन अनोळखी जीव! जागतिक दर्जाचा कौटुंबिक चित्रपट. स्थळ : तळमजला पार्किंग. दोन बीएचके, ताबा तयार.' खाली शुभेच्छुकांचे फोटो, दोन रांगा, सगळे मोबाइल कानाला लावून. निनावी प्रेमाच्या सिनेमाला इतकी नावं जगात कुठं लागली नसतील. कोपऱ्यात कॉलेजच्या ओळखपत्रावरचा माझा फोटो आणि खाली : 'संयोजक, मा. बीएस ■■■ सर'.

आणि ते आडनाव माझं नव्हतं.

ते इथल्या जुन्या, मातब्बर घरांचं आडनाव होतं. साखर कारखान्यापासून सोसायटीपर्यंत जिकडं तिकडं दिसणारं. दादाभाऊंचंही तेच. मी फ्लेक्सवाल्या पोपटकडं गेलो.

"सर, नुसतं बीएस छापलं तर डिग्री वाटती. बाकी समद्यांना आडनाव आन संयोजकालाच न्हाई, बरं दिसतं का? तुमाला फोन लावला, तुमी वर्गात. मग म्या डोकं चालवलं."

"कसं चालवलं?"

"कॉलेजात सर. इस्त्रीचा शर्ट. हळू बोलता. दादाभाऊ सोता फ्लॅट द्यायला निघालेत. म्हनलं, दुसरं कोण असणार?"

तर्कात कुठंही फट नव्हती. फक्त उत्तर चुकलं होतं.

"बदल."

"पैसे दादाभाऊंनी दिल्यात. त्यांनी सांगावं." आणि माझ्याकडं बघून त्यानं मान तिरकी केली. "मंग तुमचं खरं कोणतं?" गणित सुरू झालं होतं. मी निघालो.

घरी पोचायच्या आत दादाभाऊंचा फोन. आवाजात साजूक तूप. "आधी बोलायचं न्हाई व्हय राव? आपलेच निघालात. भिमाजीआण्णा म्हणत व्हते, हे बेल्ह्याच्या शाखेतले असणार."

"दादाभाऊ, त्या फ्लेक्सबद्दल…"

"ल्हान झाला ना? मीबी पोपट्याला तेच बोललो."

"नाही, त्यावर माझं जे…"

"फोटो जुना हाय, असू द्या. भावकीत फोटू कोण बघतं? आन आईंनी वहिनींना जेवायला बोलवलंय." फोन बंद. मी दोनदा उलट फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी आधी माझं अभिनंदन केलं आणि मग रेंज गेली.

रत्नानं सगळं ऐकून घेतलं. "आणि मंगळवारी साठेखत कोणाच्या नावानं? पोपटच्या?"

"रविवारी समोर भेटले की सांगतो."

"आजच जा."

मी गेलो. साइटवर मला पाहताच वॉचमन उठून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली. आदल्या आठवड्यात त्यानं मला कॉलेजचं ओळखपत्र मागितलं होतं. दादाभाऊ पुण्याला गेले होते. मी त्या पुसलेल्या खुर्चीत थोडा वेळ बसलो. खुर्ची चांगली होती. एवढंच सांगतो.

(कट.)

रविवारी अंधार पडता पडता पार्किंग भरलं. पुढं बायका प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, मधोमध दादाभाऊंच्या आई धोंडाबाई. मागं पुरुष. पडदा म्हणून सिमेंटच्या भिंतीला चुना दिला होता. आणि माइक सुरू झाला.

हॅलो, हॅलो. ■■■ यांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन. ■■■ यांचा सत्कार ■■■ करतील. ■■■ यांनी सोफ्यावर यावं. मोटरसायकल लावलेले ■■■ यांनी ती काढून घ्यावी. श्रीफळ कमी पडलंय, ■■■ यांनी तेच पुढं द्यावं. ज्यांचं नाव अनवधानानं राहिलं असेल त्यांनी राग मानू नये, नाव पाठवावं, आम्ही घेऊ.

मी दादाभाऊंना गाठायला दोनदा उठलो. दोन्ही वेळा मला शाल घातली.

मग भिमाजीआण्णा उठले. भावकीतले थोरले, धोतर, पांढऱ्या मिशा. "आपल्या घरातला पोरगा शिकून सर झाला, जगातला पिच्चर आपल्या गावात आणला. त्याला फेटा बांधायचा हाय." फेटेवाला माझ्यामागं उभा राहिला आणि त्यानं पहिला वेढा घेतला. केशरी, भारी कापड होतं. रत्ना तिसऱ्या रांगेत बसून माझ्याकडं बघत होती. ताप बघावा तशी.

"तर सर," आण्णा माइकमधून म्हणाले, "लोकांना कळू द्या. बेल्ह्याचे का राजुरीचे? कोणाच्या घरातले? पूर्ण नाव सांगा."

दुसरा वेढा झाला होता. माइक माझ्या तोंडापुढं आला. सिनेमातल्या माणसानं नाव शेवटी सांगितलं होतं. माझा सिनेमा अजून सुरूही व्हायचा होता.

"बुद्धभूषण सखाराम ■■■," मी म्हणालो. गावाचंही नाव सांगितलं, आणि गावात घर कुठल्या बाजूला आहे तेही. "फ्लेक्सवरचं पोपटनं आपल्या मनानं घातलं. मी परवापासून सांगायला बघतोय."

माइकनं एक बारीक शिट्टी मारली. त्या क्षणी कोणी उठून दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बसायला जागा तरी झाली असती. पण आमची माणसं सुसंस्कृत. सगळ्यांनी फक्त बेरीज केली. फेटेवाल्याचे हात थांबले. पुढचा वेढा घ्यावा का घेतलेले सोडावेत, हे त्याला कोणी सांगेना. त्यानं आण्णांकडं पाहिलं. आण्णांनी नारळाकडं. शेवटी त्यानं कापडाचं टोक माझ्या खांद्यावर अलगद ठेवलं, गरम भांडं ठेवावं तसं, आणि तो गर्दीत गेला.

"पिच्चर लावा," दादाभाऊ म्हणाले.

मी अर्ध्या फेट्यात बसून सिनेमा पाहिला. सोडावा तर अपमान मान्य केल्यासारखं, गुंडाळावा तर बांधता येत नाही. भिंतीवर पुरुष जिना चढला. बाई जिना चढली. ती नाव सांगायला जाते आणि तो म्हणतो, नको. खाली मराठी ओळी मीच लिहिल्या होत्या. धोंडाबाईंना शेजारीण वाचून दाखवत होती.

"अगं बया," धोंडाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "नाव ऱ्हाऊ दे, आडनाव तरी इचार. मग जा घरात."

सगळं पार्किंग हसलं. मीही हसलो, आणि फेट्याचं टोक डोळ्यांवर आलं.

दादाभाऊ उठले. "बंद करा. आयाबाया बसल्यात. काय घाण लावलीय."

त्या वेळी भिंतीवर बाई जिना उतरत होती. अंगात कोट, गळ्यापर्यंत बटणं. मी तसं म्हणालो. दादाभाऊंनी माझ्याकडं न बघता जनरेटरवाल्याला हात केला. जाताना लोक एकमेकांना सांगत होते की शेवटी परदेशी ते परदेशी. वर सॅम्पल फ्लॅट मात्र पुष्कळांनी पाहिला.

दुसऱ्या दिवशी हवालदारांचा फोन आला. "सर, तुमच्या पिच्चरबद्दल लई जणांचे फोन. अश्लील म्हणत्यात."

"कोणाचे?"

"नाव कोणीच सांगत न्हाई. अगदी तुमच्या त्या गोष्टीवाणी." मग समजुतीनं म्हणाले, "आमी काय करणार न्हाई. पण तुमी बी काय करू नका."

निनावी प्रेम आमच्याकडं कोणाला जमत नाही. बाकीचं बरंच काही निनावी जमतं.

कॉलेजात सगळे हळहळले. विषय जरा धाडसाचा होता, सर. प्रेक्षक तयार नव्हता, सर. आडनावाबद्दल एकानंही चकार शब्द काढला नाही. इतकं की मला वाटलं, मी ते बोललोच नाही की काय. पोपट मात्र प्रामाणिक माणूस. तो शिडी घेऊन स्टँडवर गेला आणि फ्लेक्सवर माझ्या नावापुढं घातलेल्या त्या आडनावावर काळी चिकटपट्टी लावून आला. फोटो तसाच ठेवला. ठोकळ्याची कल्पना त्याचीच, माझी नाही.

मंगळवारी मी आधार कार्ड घेऊन निघत होतो, तेव्हा दादाभाऊंचा फोन आला.

"सर, तो फ्लॅट जरा… आमचा पुण्याला भाचा हाय."

"आहे ना. मला माहीत आहे."

"तुमी तसलं काय मनात आणू नका. आमी असलं मानत न्हाई. नावाचा विषयच न्हाई. पिच्चर घाण व्हता, एवढंच."

रत्नानं टेप पर्समधून काढून शिवणाच्या डब्यात ठेवली. फेटा परत मागायला कोणी आलं नाही, म्हणून तिनं तो धुऊन गॅलरीत वाळत घातला. लांबच लांब कापड. खिडक्यांना पडदे होतील म्हणाली, याच खिडक्यांना.

(शेवटचं रीळ. हे समितीनं पाहिलेलं नाही.)

पुढच्या रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. दादाभाऊ. एकटेच. गाडी लांब, फाट्यावर लावून आलेले. वाळत घातलेल्या फेट्याकडं त्यांनी पाहिलं आणि मग पाहिलं नाही असं केलं.

"सर, ते… मूळचं हाय का तुमच्याकडं? न कापलेलं?"

"आहे."

त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. "समितीत निवांत बघाया मिळालं न्हाई. शेजारी कोण ना कोण असायचं." आवाज आणखी खाली आला. "फकस्त माझं नाव कुठं घेऊ नका."

"कोण आलंय?" स्वयंपाकघरातून रत्नानं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "नाव सांगत नाहीत."

रत्ना हात पुसत बाहेर आली. दारात उभी राहिली. तिनं दादाभाऊंकडं पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं आणि इतक्या दारांत ऐकून पाठ झालेल्या त्या गोड आवाजात म्हणाली, "पावणं, आडनाव काय म्हणालात?"

दादाभाऊ हसायला गेले. हसू अर्ध्यावर राहिलं. आडनाव त्यांनी सांगितलं नाही. खाली जानकू कुठल्याशा ट्रकचा हॉर्न वाजवून बघत होता.

मी पेनड्राइव्ह घेऊन आत आलो. कॉपी व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ ते दारात उभे होते. आत या, असं आमच्यापैकी कोणी म्हणालं नाही. मग मी पेनड्राइव्ह त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मुठीत धरला, खिशात घातला आणि रुमालानं कपाळ पुसत जिना उतरून गेले.

मी त्यांना समितीनं मंजूर केलेली प्रत दिली. तीत जिना मस्त दिसतो.